काचमुलखातला गनीम आणि भरल्या पोटाची फौज

आधी नमन विघ्नहर्त्यास, मग नमन सात समुद्रांस, आणि त्यामागून नमन त्या आठव्या समुद्रास, जो माणसाने पिंपात मीठ कालवून केला आणि ज्याची ही हकीकत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र मासापासोन दिवाळीपावेतो जे वर्तमान जाहले ते काही पाहिले, काही ऐकिले, आणि जेथे दोन्ही साधले नाही तेथे माणसे ओळखीची म्हणोन ताडिले, तैसेच लिहिले असे.

तर एक मुलूख होता. मुलखाचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. विस्तार म्हणाल तर लांबी दोन हात, रुंदी एक हात, चहूंकडे काचेचा तट, आणि हा सारा मुलूख एका गृहस्थाच्या जेवणाच्या खोलीत, फ्रीजच्या शेजारी, सागवानी घडवंचीवर वसला होता. तेथील सूर्य म्हणजे तटावर टांगलेला निळसर दिवा, तो आपोआप उगवे आणि आपोआप मावळे, आणि वीज गेली की मध्यान्हीही ग्रहण लागे. तेथील वारा म्हणजे कोपऱ्यातला लहानसा पंप. रयत म्हणाल तर खडकांवर नांदणारी जिवंत पोवळी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारे दोन मासे, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करोन हिंडणारा एक खेकडा, आणि तट चाटोन साफ ठेवणाऱ्या गोगलगाई. या गादीच्या खऱ्या धनी केतकीबाईसाहेब. परंतु त्या विद्येच्या मोहिमेवर परमुलखी गेल्या होत्या, आणि जाते समयी सर्व कारभार आपले तीर्थरूप प्रभाकरपंत यांजकडे सोपविला होता. प्रभाकरपंत पाटबंधारे खात्यातोन निवृत्त जाहलेले. जन्मभर धरणाचे पाणी अडविले आणि सोडिले, तेव्हा दोन हात पाण्याचा कारभार तो काय, ऐसे ते येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत आणि मग गुपचूप चष्मा लावोन थर्मामीटर पाहात. मुदपाकखान्यावर हुकमत मातुश्री रजनीबाई यांची. रजनीबाईंचा कायदा एकच, तो असा की, उंबरठ्याच्या आत आलेला जीव उपाशी राहता कामा नये. मीटर पाहावयास आलेला माणूस लाडू खाऊन जाई, आणि गच्चीवरची मांजर तर तीन घरचे सोडून याच घरी बाळंत होई.

या मुलखात सर्वांत मानाचे एक पोवळे होते, त्यास मशाल म्हणत. खडकाच्या माथ्यावर त्याचे ठाणे, हिरवी लांब बोटे, प्रत्येक बोटाच्या अग्रास सोनेरी ठिपका, आणि पाणी हलले की सारे अंग ज्योतीप्रमाणे डुले. त्याची कथा ऐसी की, केतकीबाईसाहेब पूर्वी एका मोठ्या परीक्षेत नापास जाहल्या, आणि ते वर्ष या घरावर बहुत कठीण गेले. बाईसाहेबांनी बोलणे टाकिले, मैत्रिणी टाकिल्या, आणि दिवसभर त्या या काचेपुढे बसोन राहात. तेव्हा मशाल अंगठ्याएवढी, एकच तुरा होता. प्रभाकरपंतांनी मंत्र्यांपुढे भाषणे केलेली, परंतु आपल्या लेकीशी काय बोलावे हे त्यांस सुचेना, मग ते दुसरी खुर्ची आणोन शेजारी बसत आणि दोघे मिळोन मशालीकडे पाहात. ऐसे कित्येक महिने गेले, आणि ज्या सकाळी मशालीस दुसरा तुरा फुटला त्या सकाळी बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, चहा कराल?" पंतांनी चहा केला आणि त्यात साखर दोनदा घातली, आणि बाईसाहेबांनी तो तक्रार न करता घेतला. पुढे परीक्षा जिंकिली, परमुलखीचे बोलावणे आले, मशालीस चार तुरे जाहले, आणि निघते वेळी दारात बाईसाहेब म्हणाल्या, "बाकी काही गेलं तरी चालेल बाबा, मशाल तेवढी सांभाळा. पुढच्या दिवाळीला येते." पंत म्हणाले, "तू काळजी करू नको." आणि त्या दिवसापासोन स्वतः काळजी करू लागले.

आता गनीम कैसा शिरला ते ऐका. चैत्री पाडव्यास पंतांच्या मनात आले की, नवे वर्ष, मुलखात एखादा नवा प्रांत जोडावा. मग ते शोभेचे मासे विकणारे डिमेलोशेट यांच्या पेढीवर गेले आणि जांभळ्या पोवळ्याचा एक देखणा दगड घेऊन आले. नवा दगड आधी वेगळ्या पाण्यात ठेवून पारखावा, ऐसे बाईसाहेब सांगोन गेल्या होत्या, परंतु सणाचा दिवस, मुहूर्त टळेल म्हणोन पंतांनी तो तसाच मुलखात बसविला. आठवडा गेला आणि रजनीबाई म्हणाल्या, "अहो, बघा तरी, दगडाखालून नारळाचं झाड आलंय. इवलंसं." पाहतात तो खरेच, काचेसारखे तपकिरी खोड आणि वर झावळ्यांचा झुबका. पंतांस आनंद जाहला, ते म्हणाले, "जमीन कसदार आहे आपली." रजनीबाईंनी विचारिले, "त्याला काही खायला लागतं का?" आणि उत्तराची वाट न पाहता चिमूटभर दाणा त्यावर सोडिला. त्या झाडाने झावळ्या मिटोन दाणा गिळिला. ऐसा गनिमास पहिला घास घरच्याच हाताने मिळाला.

पुढे एकाची चार झाडे जाहली, आणि त्यांजवळची पोवळी अंग चोरू लागली, तेव्हा पंतांनी फोटो काढोन डिमेलोशेटकडे रवाना केला. शेटचा फोन तत्काळ आला. "पंत, हे झाड नाही हो. ऐपटेशिया म्हणतात याला. जनावरच आहे, झावळ्यांनी डंख मारतं. माझ्याच दगडावरून आलं असणार, वाईट वाटतं मला. पण एक करा, उपटायला जाऊ नका. तुकडा राहिला की त्या तुकड्याचं पुन्हा नवं होतं." पंतांनी ऐकून घेतले. परंतु पंत म्हणजे ज्यांनी कालव्यांतली जलपर्णी हजार मजूर लावोन उपटविली ते पुरुष, त्यांनी मनात म्हटले की, दुकानदारास उपटण्याचे काय ठाऊक. मग बाह्या सरसावल्या, एका हाती चिमटा, दुसऱ्या हाती दात घासावयाचा जुना ब्रश, आणि स्वारी घडवंचीपुढे उभी राहिली. मोठे रण जाहले. गनीम हात लागताच भोकात दडी मारी, पंत ब्रशाने भोक खरवडीत, फरशीवर खारे पाणी, सदरा कोपरापावेतो ओला, मासे एका कोपऱ्यात थरथरत, आणि खरवडलेला कीस पंपाच्या वाऱ्यावर साऱ्या मुलखात उधळला. संध्याकाळी एकही झावळी दिसेना. पंतांनी फत्ते जाहली म्हणोन श्रीखंड आणविले आणि दोन वाट्या खाल्ले. मग पंधरवडा उलटला, आणि कीस जेथे जेथे पडला तेथे तेथे झाड उगवले, खडकावर, काचेवर, पंपाच्या जाळीवर, आणि एक तर खेकड्याच्या शंखावर, तो ते निशाणासारखे घेऊन फिरू लागला. श्रीखंडाचा विषय मग त्या घरी कोणी काढिला नाही.

तदनंतर रजनीबाईंची मसलत अशी पडली की, लिंबाचा रस इंजेक्शनच्या पिचकारीत भरोन गनिमाच्या तोंडी मारावा. तेही केले, काही गनीम विरघळले, परंतु एक मारावा तो दोन निघावे, आणि बाजारात लिंबे महाग जाहली. इतक्यात जे होऊ नये ते जाहले. एक गनीम, साऱ्यांत थोर, अंगठ्याएवढ्या खोडाचा, नेमका मशालीच्या पायथ्याच्या कपारीत ठाण मांडोन बसला, आणि पाणी हलले की त्याच्या झावळ्या मशालीस चाटोन जाऊ लागल्या. मशालीचा एक तुरा मिटला तो उघडेना. पुढे त्याचे मांस आखडले आणि खालचे पांढरे हाड दिसू लागले. पंतांनी ते पाहिले आणि त्यांस जेवण जाईना. त्यांस ते वर्ष आठवले, ती खुर्ची आठवली, आणि ऐसे वाटू लागले की, लेकीने जीवच ठेवावयास दिला होता आणि आपण तो नारळाचे झाड समजोन घालविला.

दर रविवारी बाईसाहेबांचा व्हिडिओ कॉल येई आणि पंत फोन हाती धरोन मुलूख दाखवीत. आता पंत फक्त उजवी बाजू दाखवू लागले. एक रविवार निभावला, दुसरा निभावला, तिसऱ्या रविवारी बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, फोन डावीकडे न्या." पंत म्हणाले, "डावीकडे उजेड नीट नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "तो दिवा मी बसवलाय बाबा. न्या डावीकडे." मग पंतांनी फोन डावीकडे नेला. पंत म्हणाले, "माझं चुकलं गं. ब्रश मारला मी." बाईसाहेब रागावल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "सगळे मारतात बाबा, मीही पहिल्यांदा मारला होता. आता हत्यार खाली ठेवा. ह्याला खाणारे जीव आहेत, ते आणा. डिमेलोकाकांकडे लाल पट्ट्यांची कोळंबी मिळेल, पाच आणा. आणि आई, ऐकतेस ना, त्यांना खायला घालायचं नाही. भूक असेल तरच ती ह्यांच्या वाटेला जातील." पंतांनी मान हालविली, रजनीबाईंनीही मान हालविली. मान हालविण्यास काही लागत नाही.

आषाढ मासी कोळंबीची फौज दाखल जाहली. पाच शिलेदार, काचेसारखे अंग, अंगावर लाल पट्टे, लांब मिशा. रजनीबाईंनी पिशवीवरोन मीठमोहऱ्या ओवाळून टाकिल्या आणि पंतांनी फौज मुलखात सोडिली. दोघे खुर्च्या टाकोन लढाई पाहावयास बसले. फौजेने खडकाखाली डेरे दिले आणि मिशा परजीत बसली. एक दिवस गेला, आठवडा गेला, महिना होत आला, परंतु लढाईस तोंड लागेना. शिलेदार दिसामाशी गुबगुबीत होऊ लागले, एकाने दोनदा कात टाकिली, आणि सारे गनिमाच्या झावळीवरोन पाय टाकोन खुशाल पलीकडे जात, जैसे पाहुणे माणूस यजमानाच्या भांडणाकडे न पाहता पुढे निघोन जाते. उलट गनीम वाढले. पंतांस कळेना की फौज फितूर जाहली की काय. त्यांनी डिमेलोशेटास विचारिले, शेट म्हणाले, "कोळंबी चांगली आहे हो पंत. पोट भरलेलं असेल." पंत म्हणाले, "छे, कुठून भरणार," आणि घाईने फोन ठेविला.

घाई का केली ते सांगतो. रोज सकाळी रजनीबाई देवपूजेस बसल्या की पंत पाऊल न वाजविता काचेपाशी जात आणि माशांच्या दाण्याची डबी उघडोन चिमूटभर दाणा खडकाखाली सोडीत. त्यांचे म्हणणे, शिपाई अगदीच रिकाम्या पोटी लढणार कैसा, आणि चिमूट ती काय. हे रजनीबाईंस कळू द्यायचे नाही ऐसा त्यांचा बंदोबस्त. एके दिवशी दुपारी पंतांची झोप लवकर मोडली आणि ते पाणी प्यावयास बाहेर आले, तो काय पाहतात, रजनीबाई वाटी घेऊन काचेपुढे उभ्या, चमच्याने वाटीवर टिचकी मारीत आहेत, आणि टिचकी ऐकताच पाचही शिलेदार खडकाखालोन धावत येऊन पंगतीस बसावे तैसे ओळीने बसले आहेत. वाटीत बारीक चिरलेली कोळंबी. पंत म्हणाले, "अगं, हे काय?" रजनीबाई दचकल्या नाहीत, त्या म्हणाल्या, "आणि तुमचं काय? सकाळी मी पूजेला बसले की डबीचं झाकण वाजतं. ते काय मांजर उघडतं?" पंत खुर्चीवर बसले. मग त्यांस आधी हसू आले आणि मग रजनीबाईंस आले, आणि हसोन जाहल्यावर दोघांचे लक्ष मशालीकडे गेले, तो दुसराही तुरा मिटू लागलेला. रजनीबाईंचे डोळे भरोन आले, त्या म्हणाल्या, "मला कळतंय हो सगळं. पण ते पाच जीव समोर उपाशी ठेवायचे आणि आपण इथंच टेबलावर आमटीभात ओरपायचा, हे मला नाही जमत." पंत म्हणाले, "मलाही नाही जमत."

मग त्याच टेबलावर खलबत बसले आणि बहुत विचारांती ऐसे ठरले की, श्रावण लागतोच आहे, तर फौजेसही श्रावण लागू करावा, आणि फौज उपाशी आहे तोवर घरातही एकभुक्त राहावे, म्हणजे पाहुण्यास एक नियम आणि घरच्यास दुसरा ऐसे होणार नाही. दाण्याची डबी कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली शेजारणीकडे, कारण दोघांचाही एकमेकांवर भरवसा राहिला नव्हता. माशांपुरता नखभर दाणा शेजारीण येऊन स्वतःच्या हाताने माशांच्या तोंडापुढे टाकी, आणि जाताना काच नीट पाहून जाई. फौजेचे हाल जाहले. शिलेदार काचेपाशी येऊन वाट पाहात, आणि रजनीबाई तिकडे पाठ करोन भाजी निवडीत, आणि निवडता निवडता म्हणत, "माझ्याकडे बघू नका, मीही जेवले नाहीये." पंतांस तर एक वेळच्या जेवणाने चक्कर येई. ते मोहिमेची बातमी काढावयास म्हणोन बाहेर पडत आणि बटाटेवड्याचा वास घेऊन परतत. रजनीबाईंस कळे, परंतु त्या बोलत नसत, कारण पंत गेले की त्याही राजगिऱ्याचा एक लाडू तोंडात टाकीत आणि तो हिशेबात धरीत नसत.

चौथ्या की पाचव्या दिवशी फौजेचा धीर सुटला. एका शिलेदाराने मिशीने गनिमाची झावळी चाचपिली, मग चिमटीत धरोन ओढली, मग चावोन पाहिली, आणि त्यास ती रुचली. मग काय विचारता. पाचही जण तुटोन पडले. काचेवरचे गेले, जाळीवरचे गेले, आणि खेकडा झोपेत असता त्याच्या पाठीवरले निशाणही उतरविले. पंत दुर्बीण लावोन बसावे तैसे नाकावर भिंग लावोन बसत आणि पडलेल्या प्रत्येक गनिमाची वार्ता मुदपाकखान्यात ओरडोन कळवीत. श्रावण सरता सरता सारा मुलूख मोकळा जाहला, परंतु एक थोर गनीम तसाच राहिला, मशालीच्या पायथ्याचा. तो अंगाने मोठा, कपार खोल, आणि शिलेदार तेथवर जाऊन डंख बसला की परतत. मशालीचे दोन तुरे मिटलेले, दोन उघडे, आणि दिवाळी समोर.

तेव्हा बाईसाहेबांनी परमुलखातोन दुसरी मसलत सांगितली. एक समुद्री गोगलगाय असते, तिच्या पाठीवर शंख नाही, ती जन्मभर ह्या एकाच गनिमास खाते, दुसरे काही म्हणोन तोंडास लावीत नाही, आणि मोठा असो लहान असो, मुळापासोन खाते. "पण आई, आधी कोळंबी बाहेर काढ. नाहीतर पहिली फौज दुसरीला खाईल." आता कोळंबी बाहेर काढणे हे जाळीवाल्यासही सोपे नाही, खडकाच्या भोकाभोकांत ती दडते. पंतांनी जाळी घेऊन एक संपूर्ण दिवस घालविला आणि हाती फक्त खेकडा लागला. मग रजनीबाई उठल्या, वाटी घेतली, पाण्यात एक भांडे आडवे धरिले, आणि वाटीवर चमच्याने टिचकी मारिली. पाचही शिलेदार धावत आले आणि ओळीने भांड्यात शिरले. रजनीबाई पंतांकडे वळून म्हणाल्या, "घातलेलं कधी वाया जात नाही." फौजेस पोटभर जेवू घातले, आणि डिमेलोशेट स्वतः येऊन फौज परत घेऊन गेले, आणि जाताना लाडू खाऊन गेले.

भाद्रपदात नवी फौज आली. डिमेलोशेटांनी दूरच्या बंदरातोन मागविलेल्या सहा गोगलगाई, नखाएवढ्या, पाठीवर निळसर पांढऱ्या झालरी. पंतांनी भिंग लावोन पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "शेट, हीच का फौज? ह्या तर माझ्या शिंकेने जातील." शेट म्हणाले, "पंत, तुमच्या हजार मजुरांना जे जमलं नसतं ते ह्या करतील. सोडा आणि विसरा." सूर्य मावळताच फौज मशालीच्या पायथ्याशी सोडिली, आणि जी सोडिली ती दिसेनाशीच जाहली. एक पंधरवडा गेला, पितृपक्ष गेला, एक गोगलगाय म्हणोन कोणाच्या दृष्टीस पडेना. पंत दिवसचे दिवस मशालीपुढे बसत आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवीत. रजनीबाईंनी एकदा विचारिले, "इतकं काय बघता?" पंत म्हणाले, "त्या वर्षीही काही करता येत नव्हतं. बसता येत होतं, तेवढं करत होतो." रजनीबाई पोळ्या लाटावयास गेल्या, आणि त्या दिवशी पोळ्यांना तूप जास्त लागले.

आणि मग घटस्थापनेच्या सकाळी सूर्य उगवला, पंतांनी सवयीने कपारीकडे पाहिले, आणि थोर गनीम जागेवर नव्हता. झावळ्या नाहीत, खोड नाही, भोक स्वच्छ. पंतांनी भिंग लावोन पाहिले, भिंग पुसोन पुन्हा पाहिले, आणि मग हाक मारिली. दोघे काचेपुढे उभे राहिले. पुढल्या काही दिवसांत मशालीचा एक मिटलेला तुरा हळूच उघडला, मग दुसरा, आणि पांढऱ्या हाडावर हिरवे मांस चढू लागले. पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी सांगितले की खारे पाणी उडाले. रजनीबाई म्हणाल्या, "हो ना, फार उडतं," आणि पदराने स्वतःचेही उडालेले पुसले.

येथे हकीकत संपावयाची, परंतु संपली नाही, कारण त्याच आठवड्यात त्या सहा गोगलगाई काचेवर येऊन फिरू लागल्या. वर जात, खाली येत, कोपरा धुंडीत, पुन्हा वर जात. त्यांच्या झालरींचा रंग फिका पडला. रजनीबाईंनी ओळखिले आणि त्या म्हणाल्या, "ह्यांना भूक लागलीये. अहो, गनीम संपला. आता ह्या जेवतील काय?" बाईसाहेबांस विचारिले, त्या म्हणाल्या, "काही नाही आई. दुसरं काही खातच नाहीत त्या. ज्याच्याकडे गनीम आहे त्याला द्यायच्या, नाहीतर मग संपतात." डिमेलोशेटास विचारिले, त्यांच्याकडेही त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते. रजनीबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पंतांनी समजाविले की, लढाईत ऐसे होतेच. रजनीबाई म्हणाल्या, "लढाईत होत असेल. माझ्या घरात होत नाही."

दुसऱ्या दिवशी पंत मुलखामागचा पाणी गाळावयाचा कप्पा धुवावयास बसले, आणि तेथे एका खड्यावर त्यांस शेवटचा गनीम सापडला. लहानसा, दोन झावळ्यांचा. पंतांनी हर्षाने किटलीत पाणी उकळत ठेविले, खडा चिमट्यात धरिला, आणि किटलीने शीळ घातली. रजनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त काचेवरच्या गोगलगाईंकडे पाहिले. पंतांनी खड्याकडे पाहिले, किटलीकडे पाहिले, आणि मग ज्या हाताने ब्रश मारिला होता त्याच हाताने कैरीच्या लोणच्याची रिकामी काचेची बरणी खाली काढिली, ती दहा पाण्यांनी धुतली, तीत मुलखातले खारे पाणी भरिले, आणि गनिमास खड्यासकट आत ठेविले. किटलीतल्या पाण्याचा चहा जाहला. बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसली. आणि मग पंत, जे गनिमाचे नाव घेताच दात खात, ते रोज सकाळी बरणीवर वाकोन चिमूटभर दाणा सोडीत आणि म्हणत, "खा बाबा, वाढ." या वेळी डबीचे झाकण मोठ्याने वाजे. गनिमाचे दोन व्हावे म्हणोन पंतांनी एकदा त्यास ब्रशाने खरवडिलेही, आणि या खेपेस ती विद्या कामी आली. काही जागच्या जागी नवे उभे राहिले, काही पुढे एका गिऱ्हाइकाच्या टाकीत निघाले ते डिमेलोशेटांनी सोलोन पाठविले, आणि रजनीबाईंनी गोगलगाई एक एक करोन ड्रॉपरने उचलोन बरणीत पाहुणचारास नेल्या.

धनत्रयोदशीस केतकीबाईसाहेबांची स्वारी आली. पायांतले बूटही न काढिता त्या काचेपुढे गेल्या आणि उभ्या राहिल्या. मशालीचे चारही तुरे उघडलेले, आणि बुडाशी पाचव्या तुऱ्याचा तांदळाएवढा डोळा फुटलेला. त्या बराच वेळ पाहात राहिल्या, मग बूट काढोन शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या, आणि पंत आपल्या खुर्चीत बसले. काही वेळाने बाईसाहेब पाणी प्यावयास स्वयंपाकघरात गेल्या आणि तेथोन म्हणाल्या, "बाबा, ह्या बरणीत काय आहे?" पंत घसा खाकरोन म्हणाले, "गनीम आहे. तुझ्या आईच्या पाहुण्यांसाठी." बाईसाहेबांनी बरणी उजेडात धरिली. आत झावळ्यांचे बन, त्यात सहा गोगलगाई, आणि काचेस आतोन चिकटलेले पांढरे अंड्यांचे वेढे, टेबलावर तळून ठेविलेल्या चकलीसारखे. रजनीबाई सोऱ्या पुसीत म्हणाल्या, "हस तू. पण कोळंबीच्या वेळी आम्ही दोघांनी काय घोळ घातला ते तुला सांगितलंच नाही अजून." मग त्यांनी सकाळच्या डबीपासोन दुपारच्या वाटीपावेतो सर्व सांगितले.

बाईसाहेब हसल्या नाहीत. त्या बरणी हातात धरोन म्हणाल्या, "त्या वर्षीही तुम्ही असंच करत होतात." पंतांनी विचारिले, "कसं?" त्या म्हणाल्या, "सकाळी आई पूजेला बसली की तुम्ही माझ्यापुढं बिस्किटांची बशी ठेवायचात, आईला सांगू नको म्हणायचात. आणि दुपारी तुम्ही झोपलात की आई शिरा आणायची, बाबांना सांगू नको म्हणायची. मला भूक नसायची. पण दोघांना वाईट वाटेल म्हणून मी दोन्ही खायचे. रोज. त्या वर्षात मी तेवढंच करत होते बाबा, खात होते. म्हणून इथं आहे." पंतांनी रजनीबाईंकडे पाहिले, रजनीबाईंनी पंतांकडे, आणि दोघांस प्रथमच कळले की त्या वर्षी आपल्याप्रमाणे दुसराही गुपचूप बशी नेत होता. मग रजनीबाईंनी बशी घेतली, चार चकल्या घातल्या, पंतांनी तीत आणखी दोन घातल्या, आणि बशी लेकीपुढे ठेविली, या खेपेस उघडपणे. बाईसाहेबांनी सहाही खाल्ल्या.

सारांश इतकाच की, या घराने गनीम मारिला तो उपाशी फौजेकडोन आणि लेक राखिली ती खाऊ घालोन, आणि कोणास कधी उपाशी ठेवावे हे त्यांस अजून नीटसे उमगलेले नाही. मुलूख आबाद आहे, मशाल तेवत आहे, बरणीत पाहुणे वाढले असून दुसरी बरणी धुवावयास घेतली आहे. एथवर लिहून लेखणी पुसली. लिहिणारासही दोन चकल्या मिळाल्या.